जर्व्हिसचा कोकणवृत्तांत आणि मसुऱ्याची खाडी

जुन्या सर्वेक्षकांच्या वाटेने पुन्हा प्रवास करून त्या प्रदेशाचा आर्थिक इतिहास समजून घेण्याची पद्धत अभ्यासकांस आकर्षक वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र सर्वेक्षकाच्या वाटेबरोबर त्याचा प्रश्नही आपण नकळत उचलीत नाही ना, हे तपासले पाहिजे. टॉमस बेस्ट जर्व्हिस ह्याच्या कोकणवृत्तांताचा ह्या दृष्टीने विचार करण्याचे येथे योजिले आहे. कसोटीसाठी मालवणच्या ईशान्येस गड नदीच्या काठी वसलेले मसुरे हे गाव घेतले आहे.

दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा १८१९ मध्ये बाणकोट येथे ठाणे ठेवून करण्यात आला व १८२२ मध्ये ते ठाणे रत्नागिरीस गेले. जर्व्हिसचे सर्वेक्षण १८१९ ते १८३० ह्या काळातले. नवे राज्य आपल्या पदरी काय पडले ह्याची मोजदाद करीत होते आणि सर्वेक्षक हा त्या मोजदादीचा हात होता. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या लांबलचक नावातच महसूल व जमीनधारा हे विषय आले आहेत. त्या व्यवस्थांचे मूळ कोणते व त्यांचा चालू व्यवहार कसा, हे त्याने पाहिले. ह्या परिश्रमाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु गाव सरकारास काय देते, हा त्याचा प्रश्न होता. गाव कशावर जगते, हा प्रश्न निराळा आहे.

हा भेद मसुऱ्यास स्पष्ट दिसतो. येथे एका काठावर सावंतांचा भरतगड, तर समोरच्या काठावर बावड्याच्या पंत अमात्यांचा भगवंतगड. १८१८ मध्ये दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले. दोन सत्तांनी एकाच पाण्यावर समोरासमोर गड उभारावेत, ह्याचा अर्थ ती खाडी नुसती शीव नव्हती. ती वाहतुकीची वाट होती आणि तिच्यावर नजर ठेवणे किफायतीचे होते. सर्वेक्षकास टेकडीचा माथा हवा असतो, कारण तेथून कोन घेता येतात. होडीवाल्यास मात्र भरतीची वेळ हवी असते, आणि ती माथ्यावरून काढलेल्या नकाशात उमटत नाही.

गावातील वाड्यांची नावे ही उणीव काही अंशी भरून काढतात. बागायत व खाजणवाडी ही दोन नावे घ्यावीत. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन. भरतीचे पाणी बांधाने अडवून तेथे भात काढावयाचे, तर दरवर्षी बांध राखण्याचे श्रम पडतात. महसुलाच्या दप्तरात ती जमीन आकारासह येते. पण बांध फुटू नये म्हणून खर्ची पडणाऱ्या हातांचा हिशेब तेथे मांडला जात नाही.

मापांचा प्रश्नही असाच आहे. कोकणात खंडी, पायली ही मापे सर्वत्र एकसारखी नव्हती. सबंध हिंदुस्थानास एकच वजनमाप व नाणेपद्धती असावी, असा निबंध जर्व्हिसने १८३६ मध्ये लिहिला. १९५८ पासून मेट्रिक पद्धती लागू होऊ लागल्यावर तो हेतू निराळ्या रूपाने सिद्धीस गेला. पण खंडाचे भात कोणत्या मापाने घ्यावयाचे ह्यावर कुळाचे पोट अवलंबून असे. एकच माप लावून जुने आकडे तुलनेस सोपे केले, तर ते नातेच दृष्टीआड होते.

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. खोतीच्या तंट्यात मूळ हक्क कोणाचा, हे ठरविण्यासाठी जुने कागद व वृत्तांत पुनःपुन्हा पुढे आले. त्यातून १८८० चा खोती कायदा झाला आणि खोती नष्ट करणारा कायदा येण्यास १९४९ साल उजाडावे लागले. सर्वेक्षकाचे वाक्य ज्याच्या बाजूने वाचले गेले, त्याच्या हाती जमीन राहिली.

शिवाय गावाबाहेरची मिळकत आहेच. १८८१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लाखाहून अधिक लोक मुंबईत आढळले. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ मध्ये. त्यांनी घरी पाठविलेला पैसा गावच्या कोणत्याही शेतात पिकलेला नव्हता. तरी सारा भरताना तो उपयोगी पडला नसेल, असे कोण म्हणेल?

तेव्हा जर्व्हिसची वाट पुन्हा चालावी, परंतु उलट्या दिशेने. भरतगडावर चढून सर्व दृश्य एकदा पाहावे आणि मग खाली उतरून खाजणाच्या बांधावरून जावे. तेथून ओहोटीबरोबर कालावलच्या खाडीने समुद्र गाठावा आणि तेथेही न थांबता मुंबईच्या गिरणगावापर्यंत माग काढावा. त्या वाटेवर वृत्तांत हाती असावाच. मात्र वाटाड्या म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते.