कॅलरी सोडली, मग काय धरलं?

आजचा विषय वजनाचा आहे, पण मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. पुस्तकं वाचायची आणि त्यांच्याविषयी बोलायचं, एवढाच माझा उद्योग. तेव्हा शेवटी कोणी विचारलं, "मग मी भात खाऊ की नको?", तर ते तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणेन. (हशा)

आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असेल. ऋजुता दिवेकर यांचं 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट'. २००९ साली आलं. प्रस्तावना करीना कपूरची. त्याच्या आदल्या वर्षी 'टशन' आला होता आणि 'साइज झीरो' हा शब्द घराघरात पोचला होता. म्हणजे बघा, वजनापायी डोकं गमावू नका असं सांगणारं पुस्तक, ते खपलं मात्र देशातल्या सर्वांत बारीक नटीच्या नावावर. हा विरोधाभास पुस्तकाच्या मुखपृष्ठापासूनच आहे. मी तो दोष म्हणून सांगत नाही. पुस्तक कोणत्या हवेत वाढलं ते कळावं म्हणून सांगतो. आणि ती हवा आपल्या वांद्र्याची आहे. इथे हिल रोडवर व्यायामशाळा आणि बेकरी एकमेकींच्या शेजारी चालतात आणि दोघींना गिऱ्हाईक कमी पडत नाही.

या पुस्तकाने केलेलं मोठं काम आधी कबूल करू. त्या काळात वजन उतरवायचं म्हणजे काय होतं? सकाळी कोरडे कॉर्नफ्लेक्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री सूप. तूप बंद, केळं बंद, भात बंद, नारळ बंद. आणि वहीत हिशेब: पोळी इतक्या कॅलरी, चहा इतक्या. दिवेकरांनी सांगितलं, वही मिटा. उठल्यावर आधी चहा नको, काहीतरी खा. दर दोन तासांनी थोडं खा. ज्या वेळी हालचाल जास्त त्या वेळी जास्त खा, कमी त्या वेळी कमी. झोपण्याच्या दोन तास आधी जेवण आटपा. चार नियम. आणि खायचं काय, तर तुमच्या घरात, तुमच्या मुलखात जे शिजतं ते. एका अख्ख्या पिढीच्या मनातून तुपाची भीती त्यांनी काढली. पोळीवर तूप घेताना चोरी केल्यासारखं वाटायचं, ते थांबलं. हे काम लहान नाही.

आता कॅलरी मोजण्याविरुद्धचा त्यांचा मुद्दा कितपत खरा, ते पाहू. कॅलरीचे आकडे आपल्याला दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने. एक ग्रॅम पिष्ट म्हणजे ४, प्रथिन म्हणजे ४, चरबी म्हणजे ९. आजही पाकिटामागे छापलेला आकडा बहुतेक वेळा याच हिशेबाने येतो. आणि ते आकडे वापरून बारीक व्हा, असं सांगणारं ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंचं पुस्तक १९१८ साली आलं. म्हणजे हा वहीचा धर्म शंभर वर्षं जुना.

हा हिशेब सरासरीचा आहे आणि पोट सरासरीने चालत नाही. एक उदाहरण देतो. २०१२ साली अमेरिकेत बदामांवर एक प्रयोग झाला. सुमारे २८ ग्रॅम बदाम, हिशेबाने १७० च्या आसपास कॅलरी. प्रत्यक्ष माणसांना खायला घालून मोजलं, तर शरीराला मिळाल्या १२९. बाकीच्या चरबीचा काही भाग बदामाच्या पेशींत तसाच अडकून बाहेर गेला. तोच बदाम दळून लोणी केलं तर गणित बदलतं. म्हणजे पदार्थ अख्खा आहे की मोडलेला, याने फरक पडतो. 'होल फूड' म्हणतात ते हेच. मी त्याला मूळ रूपातलं अन्न म्हणेन. संत्रं, संत्र्याचा रस नव्हे. भाजलेले शेंगदाणे, चिक्की नव्हे. ज्वारीची भाकरी, ज्वारीचं बिस्किट नव्हे.

दुसरा पुरावा २०१९ चा. केव्हिन हॉल यांच्या गटाने वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच. सूचना एकच: हवं तेवढं खा. लोकांनी कारखान्याच्या अन्नाच्या दिवसांत रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन एका बाजूला ०.९ किलो वाढलं, दुसऱ्या बाजूला तेवढंच उतरलं. कोणी वही धरली नव्हती. प्रयोग लहान होता, थोड्या दिवसांचा होता, हे लक्षात ठेवा. पण दिशा स्पष्ट आहे.

तर इथपर्यंत दिवेकरांचा विजय. आता माझं भांडण सुरू होतं.

पहिला मुद्दा. या पुस्तकात आणि त्यानंतरच्या पुस्तकांत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात. मूळ रूपातलं अन्न, आपल्या मुलखातलं अन्न आणि आजीच्या हातचं अन्न. या तिन्ही एक नाहीत. साबुदाणा घ्या. उपासाला आपण तो पिढ्यान्‌पिढ्या खातो, पण तो कंदाचा काढलेला स्टार्च आहे; त्यात मूळ रूप कुठलं? मैद्याची करंजी आजीचीच असते. २०१६ च्या 'इंडियन सुपरफूड्स' या पुस्तकात दहा पदार्थांची निवड आहे: तूप, कोकम, केळं, काजू, अंबाडी, भात, नारळ, अळीव, फणस; आणि दहावी, साखर. अंबाडी आणि अळीव यांच्या पंगतीला साखर! चहातली दोन चमचे साखर आणि शीतपेयातली साखर यांत फरक करायला हवा, हे मलाही पटतं. पण तो फरक प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर बरं. चमचा चार ग्रॅमचा धरा. दोन चमचेवाले तीन चहा झाले की २४ ग्रॅम. संपली मर्यादा. आणि ऑफिसात तीन चहांवर कोण थांबतं? म्हणजे इथे मोजावंच लागतं. मोजू नका असं सांगितल्यावर ही मर्यादा वाचकाला कळणार कशी?

दुसरा मुद्दा आजीचा. आजी हा या पुस्तकांतला सर्वांत मोठा पुरावा आहे. पण आजी जात्यावर दळत होती, विहिरीचं पाणी ओढत होती. तिचं ताट उचलून आपण खुर्चीत बसलेल्या माणसापुढे ठेवलं, तर ताट तेच राहील, माणूस तो नाही. आणखी एक. आजी मोजत नव्हती, हे कोणी सांगितलं? चार माणसांना दोन वाट्या तांदूळ, आमटीला एक पळी तेल, मुलांच्या हातावर एक मूठ दाणे. वाटी, पळी, मूठ ही मापंच होती. तेल महाग होतं, म्हणून बुधल्यातून जपून निघत होतं. आज चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल होतं. म्हणजे नुसत्या तेलाच्याच साडेतीनशेच्या जवळ कॅलरी, आणि सगळा स्वयंपाक 'घरचा'. वही मिटायला माझी हरकत नाही. वाटी फेकून देऊ नका, एवढंच म्हणतो.

तिसरा मुद्दा महाराष्ट्रातच घडलेला आहे. २०१८-१९ च्या सुमारास आपल्याकडे घरोघरी, लग्नाच्या पंगतीत एकच वाद होता: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी खा. सासू दीक्षितांकडे, सून दिवेकरांकडे, आणि सासरे दोघींकडचं खातात. (हशा) पण या वादात एक गोष्ट कोणी फारशी बोललं नाही. दोघंही सांगत होते, कॅलरी मोजू नका. आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं दिसत होती. दोन टोकांचे नियम, परिणाम सारखा, हे कसं?

मला वाटतं, दोन्ही नियम पाळताना ताटातून जातं ते एकच. चार वाजताचं फरसाण, चहाबरोबरची बिस्किटं, रात्री अकराला टीव्हीपुढे उघडलेलं पाकीट. शंभर ग्रॅम वरणभातात सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तेवढ्याच बिस्किटांत साडेचारशेच्या वर, फरसाणात पाचशेच्या वर. हे गेलं की वही न धरताही बेरीज कमी होते. म्हणजे कॅलरी खोट्या नाहीत. त्या मोजायचं काम वहीकडून काढून पोटाकडे दिलं, आणि पोटाला ते जमावं असं अन्न समोर ठेवलं. दिवेकरांचं पुस्तक श्रेय देतं ते दोन तासांच्या घड्याळाला. माझ्या मते ते पाकीट बंद झाल्याला द्यायला हवं.

याला आधार देणारा एक मोठा प्रयोग आहे. स्टॅनफर्डचा, २०१८ चा. ६०९ माणसं, एक वर्ष. अर्ध्यांना कमी चरबी, अर्ध्यांना कमी पिष्ट. दोघांनाही सांगितलं, कॅलरी मोजू नका. भाज्या आणि मूळ रूपातलं अन्न खा, साखर आणि मैदा टाळा. वर्षाअखेर सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण सरासरीच्या आत पाहिलं तर काहींचं पंचवीस किलोहून जास्त उतरलं आणि काहींचं वाढलं. पुस्तकात फक्त उतरलेले भेटतात. ज्यांचं वाढलं, ते प्रस्तावना लिहायला येत नाहीत. समीक्षक म्हणून माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. अशिलांच्या गोष्टी रंगतदार आहेत, संवाद मजेदार आहेत, पण न जमलेल्या माणसाची एक तरी प्रामाणिक गोष्ट हवी होती.

चौथा मुद्दा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ताजं अन्न करतं कोण? दर दोन तासांचा डबा भरतं कोण? पाली हिलवर स्वयंपाकी आहे. रेल्वे ओलांडून पूर्वेला आलात, खेरवाडीत, शासकीय वसाहतीत, बेहरामपाड्यात, तर तिथली बाई सकाळची लोकल पकडते आणि संध्याकाळी भाजी घेऊनच घरी येते. हॉल यांच्या त्या प्रयोगातही ताज्या अन्नाचा आठवड्याचा खर्च १५१ डॉलर होता, कारखान्याच्या अन्नाचा १०६. वेळेचा खर्च त्यात धरलेला नाही. ताजं खा, हा उपदेश घरातल्या एकाच बाईच्या माथी जाणार असेल, तर तिचं वजन उतरेल ते वेगळ्याच कारणाने. या शहराने यावर उत्तरं शोधली होती. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पोळी-भाजी केंद्रं आज जवळपास प्रत्येक स्टेशनाबाहेर आहेत. पोळी-भाजी केंद्रातली पोळी हे माझ्या मते या शहरातलं सर्वांत दुर्लक्षित आरोग्यदायी अन्न आहे. पण ते कुठल्या 'सुपरफूड'च्या यादीत येत नाही, कारण त्यात आजी नाही, विकत घेणं आहे.

शेवटचा मुद्दा काट्याचा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण हडकुळे दिसतो आणि आत चरबी बाळगतो. त्यामुळे आपल्यासाठी कमरेची टेप काट्यापेक्षा जास्त बोलते: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, ही धोक्याची रेघ. दिवेकर वजनाच्या आकड्याच्या मागे लागू नका म्हणतात, ते बरोबरच आहे. पण त्याच्या जागी नुसतं 'बरं वाटणं' ठेवून भागत नाही. मधुमेह सुरुवातीला बरंच वाटू देतो. आणि ज्यांना साखरेची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी दोन तासांचा किंवा ५५ मिनिटांचा, कुठलाच नियम डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

तर निकाल काय? पुस्तक वाचावं. भीती घालवण्यासाठी वाचावं, आणि ते काम ते छान करतं. घड्याळाचा नियम तुम्हाला जमला तर पाळा, नाही जमला तर अपराधी वाटून घेऊ नका. पाकिटं कमी करा, डाळ-उसळ-भाजी वाढवा, तेलाचा डबा किती दिवस पुरला ते डब्यावर तारीख टाकून बघा, महिन्यातून एकदा कंबर मोजा. आणि घरात स्वयंपाकाची वाटणी करा. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत पाचवा नियम म्हणून हा यायला हरकत नाही.

मी थांबतो. आता प्रश्न घेऊ या. भाताचा सोडून. (हशा, टाळ्या)