जिमीचा पत्ता कोणी विचारला?

२८ सप्टेंबर १९८०. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पहिल्या पानावर जॅनेट कुक यांची बातमी आली, ‘जिमीज वर्ल्ड’. आठ वर्षांचा मुलगा, हेरॉइनचं व्यसन, घरातच त्याला सुई टोचली जाते. शहर हादरलं. महापौरांनी पोलिसांना कामाला लावलं, पण मुलगा सापडेना. पेपरने सांगितलं, पत्ता देणार नाही, आम्ही शब्द दिलाय. एप्रिल १९८१ मध्ये बातमीला पुलित्झर मिळालं.

जिमी नव्हताच.

आणि हे उघडकीला कसं आलं? बातमी तपासून नाही! कुक पूर्वी ओहायोतल्या टोलेडोच्या ‘ब्लेड’मध्ये होत्या. पुरस्कारानंतर छापून आलेलं त्यांचं शिक्षण आपल्या माहितीशी जुळत नाही, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. बायोडाटाचा धागा ओढला आणि बातमी उसवली. कुकबाईंनी राजीनामा दिला, पेपरने पुरस्कार परत केला.

आता, हा काही गल्लीतला पेपर नव्हता. वॉटरगेट बाहेर काढणारे बॉब वुडवर्ड तेव्हा शहर विभागाचे संपादक होते. म्हणजे तपासणी कशी करतात हे त्यांना शिकवायला नको. पोस्टचेच लोकपाल बिल ग्रीन यांनी नंतर लांबलचक अहवाल लिहिला, आणि तो त्यांच्याच पेपरने छापला, हे मात्र कौतुकाचं. त्यात दिसतं ते असं, की एका सहकाऱ्याने कुक यांना गाडीतून त्या भागात नेलं, तर त्यांना घरच दाखवता येईना. त्याने शंका वरती सांगितली. ती तिथेच विरली.

‘बाई खोटं बोलल्या, संपादक काय करणार?’ हा बचाव मला पटत नाही. वाचकांपासून नाव लपवणं समजू शकतो, कधी ते करावंच लागतं. पण संपादकापासूनही? आणि जिमी खरा आहे असं मानत होतात, तर आठ वर्षांचं पोर मरतंय म्हणून एकालाही तिकडे धावावंसं वाटलं नाही? धावला असता तर पहिला प्रश्न पत्त्याचाच आला असता.

आपल्याकडे तर यासाठी एक क्रियापदच आहे, ‘समजते’. ‘मंत्री नाराज असल्याचे समजते.’ कोणाला समजते? कोणाकडून? कर्ता गायब! उद्याच्या पेपरात त्या ‘समजते’खाली पेन्सिलीने रेघ मारत जा, आणि अशा किती रेघा झाल्या ते पुढच्या वेळी मला सांगा.