शिपायाची पडशी
युद्धकथेंत शिपायाचा स्वभाव त्याच्या शौर्यापेक्षां त्याच्या पडशींतील वस्तूंवरून अधिक कळतो, असें आम्हांस वाटतें. मात्र वस्तूंची नुसती यादी म्हणजे स्वभावचित्रण नव्हे. रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) या मूळ जर्मन कादंबरींत केमरिख मरणशय्येवर असतांना म्यूलर त्याचे बूट मागतो. वाचक त्यास निर्दय म्हणावयास जातो. पण केमरिखला त्या बुटांचा उपयोग असता, तर हाच म्यूलर कांटेरी तारांवरून अनवाणी चालला असता, असें निवेदक पॉल सांगतो आणि आमचा निवाडा फिरतो. पुढें म्यूलरही मरतो व तेच बूट पॉलकडे येतात. टिम ओब्रायनच्या 'द थिंग्ज दे कॅरीड' (१९९०) या व्हिएतनामविषयक पुस्तकांत लेफ्टनंट क्रॉस मार्थाचीं पत्रें जपून बाळगतो. हाताखालचा लॅव्हेंडर मारला गेल्यावर मात्र तीं जाळून टाकतो. ओब्रायन वस्तूंचीं वजनें बारकाईनें देतो; परंतु क्रॉसच्या मनावरील अपराधाचें ओझें कळतें तें या जाळण्यांतच. सारांश, वस्तु बाळगण्यांत माणसाची सवय दिसते; ती मागण्यांत, देण्यांत वा टाकण्यांत त्याचा स्वभाव. म्हणून वाचकांनीं पडशींतील वस्तु मोजीत न बसतां त्यांचें पुढें काय झालें, तें पाहावें.