यांकीची कात्री

'अनऑर्थोडॉक्स' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. २०२० च्या टाळेबंदीत ती आली, आणि चारच भाग असल्याने अनेकांनी एका बैठकीत संपवली. मी तेव्हा पुण्यात प्रबंधाशी झुंजत होते. शेवटच्या भागात यांकी बर्लिनच्या हॉटेलात कात्री घेऊन स्वतःच्या पेयोत, म्हणजे कानशिलावरच्या त्या लांब बटा, कापतो तेव्हा मलाही भरून आलं होतं. आता पोस्टडॉकच्या निमित्ताने जेरुसलेममध्ये दोन वर्षं काढल्यावर मालिका पुन्हा पाहिली, आणि नेमका तोच प्रसंग खटकला.

प्रसंग आठवतोय ना? विल्यम्सबर्गच्या सातमार पंथातून पळून आलेली एस्टी, तिला परत न्यायला आलेला नवरा. 'मी बदलेन' हे पटवायला तो कात्री उचलतो. अमित राहाव हे काम इतकं सुंदर करतो की लेखनातली उणीव झाकली जाते. उणीव अशी, की मालिकेला त्या बटांचा एकच अर्थ ठाऊक आहे: बेडी. आधी लग्नानंतर एस्टीचं डोकं भादरलं जातं, शेवटी यांकीच्या बटा जातात, हिशेब पुरा. पडद्यावर हे छान दिसतं, पण जोडी चुकीची लागली आहे. विवाहित स्त्रीने डोकं भादरणं तोरामध्ये कुठेच सांगितलेलं नाही. ती प्रामुख्याने हंगेरीकडच्या हसिदी समाजांची रूढी. पेयोतचं मूळ मात्र थेट तोरामध्ये आहे, लेवीय १९:२७ मध्ये: डोक्याचे कोपरे कापून गोल करू नका.

'पेआ' म्हणजे कोपरा, कड. त्याच अध्यायात थोडं वर, १९:९ मध्ये, हाच शब्द शेतासाठी येतो: पीक कापताना शेताचा कोपरा कापू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. केसांच्या आज्ञेचं कारण मात्र तिथे दिलेलं नाही. मैमोनिदिसने नंतर ते दिलं की तशी हजामत मूर्तिपूजक पुजारी करत, म्हणून मनाई. मला स्वतःला शेताचा कोपरा जास्त आवडतो, पण ती माझी हौस. नियमापुरतं पाहिलं तर कानासमोरच्या हाडापर्यंत केस राखले की पुरे. पुढची लांबी, पीळ, कानामागे खोचणं की मोकळं सोडणं, हे सगळं ज्याच्या त्याच्या समाजाचं. येमेनी ज्यू त्यांना 'सिमानीम' म्हणतात, खुणा. मुलगा तीन वर्षांचा झाला की त्याचे केस पहिल्यांदा कापतात आणि बटा तेवढ्या ठेवतात. आपल्या जावळाची आठवण होईल असा तो सोहळा असतो.

आणि या खुणेवर कात्री चालवणारे हात बहुतेक वेळा परक्यांचे होते. झार पहिल्या निकोलसच्या राजवटीत पेयोतवर बंदी आली. १९३९ मध्ये पोलंडमध्ये शिरलेले जर्मन सैनिक रस्त्यात धरून दाढ्या आणि बटा कापत आणि हसत फोटो काढून घेत. खुद्द इस्राएलमध्ये, नव्याने आलेल्या येमेनी मुलांच्या बटा छावण्यांत कापल्या गेल्या. त्यावर १९५० मध्ये फ्रुमकिन चौकशी समिती नेमावी लागली.

म्हणून बर्लिनमधली कात्री मला साधी वाटत नाही. ही मालिका इतिहासाला विसरलेली आहे असंही नाही. वानसी तलावाच्या प्रसंगात पलीकडचा तो बंगला मुद्दाम दाखवला जातो, जिथे १९४२ ची कुप्रसिद्ध बैठक झाली, आणि मग एस्टी पाण्यात विग सोडून देते. तिच्या डोक्यामागे एवढा इतिहास उभा केला, मग यांकीच्या वाट्याला त्यातला एक क्षणही का येऊ नये? ज्या शहरातून ती टिंगल निघाली त्याच शहरात एक सातमार मुलगा बायकोसाठी तेच स्वतःच्या हाताने करतो. याहून भयंकर आणि याहून प्रेमळ काही या चार भागांत नाही. पटकथा मात्र त्याला 'फार उशीर झाला' एवढ्यावर आटोपते.

एस्टीने परत जावं असं मी मुळीच म्हणत नाही. ती जात नाही हे बरंच. माझी तक्रार एवढीच, की सोडून जाणारीला पूर्ण माणूस करताना मालिकेने मागे राहणाऱ्याच्या डोक्यावरची खूण सपाट करून टाकली. 'श्टिसेल'मध्ये हे होत नाही. तिथे बटा नाकाडोळ्यांसारख्या नुसत्या असतात, त्यांना कोणी काही सिद्ध करायला लावत नाही.

आपल्या कोकणातही ही खूण होती, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांविषयी लिहिताना नोंदवलंय की ते हिंदूंसारखी शेंडी ठेवत नाहीत, पण दोन्ही कानांवर केसांचा झुबका राखतात. तेल गाळणारी, मराठी बोलणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं. गावात कोण कुठला हे सांगायला तो झुबका पुरत असेल.

तर मालिका पुन्हा पाहणार असाल तर शेवटच्या भागात संवाद थोडा वेळ बंद करा, आणि कात्री खाली आल्यानंतर फक्त राहावच्या चेहऱ्याकडे बघा. पटकथेत नसलेलं बरंच काही त्याला माहीत आहे.