दिसणारं काम, न दिसणारं काम

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या कुणाची तरी पगाराची स्लिप बघा. ‘व्यवसाय कर’ म्हणून महिन्याला बहुधा २०० रुपये कापलेले दिसतील. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा पुरवण्यासाठी. योजनेची सुरुवात १९७२ च्या दुष्काळातली.

अशा खर्चावरचा मुक्त बाजारवाद्यांचा आक्षेप त्याहून खूप जुना आहे. फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच लेखकाने १८५० मध्येच तो मांडला. सरकारी कामावर राबणारा मजूर सगळ्यांना दिसतो. पण कराचे पैसे लोकांच्या खिशात राहिले असते तर त्यातून जे काम निघालं असतं, ते कुणालाच दिसत नाही.

प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी नुसते मनुष्यदिवस मोजले होते. गाइडनी एवढंच विचारलं, “योजना नसती तर ही माणसं काय करत असती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आख्खा प्रस्ताव पुन्हा लिहावा लागला.

बास्तियाचं उत्तर मात्र तपासून घ्या. संकटकाळात सरकारी कामं विम्यासारखी उपयोगी पडतात, हे तोही मान्य करतो. (त्याचा दाखला देणारे बरेचदा हे गाळतात!) पण तेव्हासुद्धा एकूण रोजगार वाढत नाही, असं तो ठामपणे सांगतो. कशावरून? मोजमाप काहीच नाही.

मोजलं की चित्र गुंतागुंतीचं होतं. केंद्राच्या रोजगार हमीवरच्या इम्बर्ट आणि पॅप यांच्या अभ्यासात मजुरी वाढली, पण खाजगी काम घटलं. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांना आंध्र प्रदेशात मजुरीबरोबर खाजगी रोजगारही वाढलेला दिसला. मग चुकलं कोण? घाई करू नका. पहिल्यांनी योजना आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. दुसऱ्यांनी योजनेचे पैसे स्मार्टकार्डाने नीट पोचल्यावर काय बदलतं ते पाहिलं. म्हणजे ‘नसतं तर’ हेच दोघांचं वेगळं होतं.

तेव्हा ‘कर म्हणजे लूट’ किंवा ‘सरकारी खर्च म्हणजे विकास’ यातलं काहीही तुम्हाला पटत असो, प्रस्तावात एक ओळ लिहाच: हे नसतं तर काय झालं असतं, आणि ते मला कशावरून कळणार? ही ओळ जमली नाही, तर डेटा गोळा करायला बाहेर पडू नका.