‘आधी’ आणि ‘नंतर’

वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत एक चित्रजोडी वर्षानुवर्षे छापली जाते. डावीकडे स्थूल व्यक्ती, बहुधा सैल कपड्यांत, चेहरा उतरलेला. उजवीकडे तीच व्यक्ती सडपातळ, नव्या कपड्यांत, हसरी. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’ असे लिहिलेले असते. खाली एक आकडा असतो, अमुक किलो घटले. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी सर्वसाधारण मराठी वाचकाला जे ठाऊक असते, ते बहुतांशी या चित्रजोडीतून आलेले असते. एखाद्या प्रयोगवहीत असे निरीक्षण आले तर विज्ञानाचा शिक्षक ते तपासल्याशिवाय सोडणार नाही. मग या जोडीला आपण इतकी मोकळीक का द्यावी?

पहिला दोष लगेच दिसतो. ‘नंतर’ म्हणजे किती दिवसांनी, हे तिथे लिहिलेले नसते. झाडाच्या वाढीचा आलेख काढताना विद्यार्थी आडव्या अक्षावर काळ लिहायला विसरला, तर आपण गुण कापतो. इथे तर आडवा अक्षच नाही. आणि या शस्त्रक्रियेत सगळी गोम त्या अक्षावरच आहे.

स्वीडनमध्ये १९८७ ते २००१ या काळात सुमारे चार हजार स्थूल व्यक्तींची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. शस्त्रक्रिया झालेल्यांचे सरासरी वजन दोन वर्षांनी २३ टक्क्यांनी कमी होते, दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी. दुसऱ्या गटात वीस वर्षांत जेमतेम एका टक्क्याची हालचाल. त्या काळच्या शस्त्रक्रिया बहुतेक जुन्या पद्धतीच्या होत्या, आजच्या पद्धतींत घट काहीशी अधिक मिळते. पण आलेखाचा आकार तोच राहतो. वजन पहिले वर्ष-दीड वर्ष झपाट्याने उतरते, तळ गाठते, मग काही किलो परत चढते आणि पुढे बरेचसे स्थिरावते. ‘नंतर’चे छायाचित्र जवळजवळ नेहमी तळाशी काढलेले असते. ते खोटे नसते. चढलेल्या पाण्याचे छायाचित्र भरतीच्या वेळी काढावे आणि खाली फक्त ‘समुद्र’ असे लिहावे, तसा हा प्रकार आहे.

हे लिहिण्याचे निमित्त परभणीतल्या एका शिक्षिकेचे आहे. त्यांच्या संमतीने आकडे देतो, नाव देत नाही. उंची १५८ सेंटिमीटर, शस्त्रक्रियेपूर्वी वजन ११२ किलो, मधुमेह, गुडघे दुखणारे. जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा भाग ठेवण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात जाऊन करून घेतली. वर्षभरात वजन ८० किलोवर आले. आज चार वर्षांनी ते ८६ आहे. मधुमेहाच्या गोळ्या तीनवरून एकीवर आल्या. वर्गात उभे राहून शिकवता येते, शाळेचा जिना थांबत न थांबता चढता येतो. तरीही गेल्या वर्षी त्या लग्नकार्यांना जायच्या बंद झाल्या होत्या. कारण प्रत्येक मांडवात कोणीतरी म्हणायचेच, “काय बाई, एवढे पैसे घातले अन् पुन्हा सुटल्याच की तुम्ही!” त्यांनाही ते पटले होते. ऑपरेशन फसले, आणि फसले ते आपल्या जिभेमुळे, असे त्यांचे ठाम मत झाले होते.

आता फळ्यावर गणित मांडू. ११२ मधून ८६ गेले, २६ राहिले. म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे २३ टक्के घट. स्वीडनच्या अभ्यासात दहा वर्षांनी १७ टक्के उरली होती, हे आठवावे. पण शल्यचिकित्सक बरेचदा वेगळे टक्के सांगतात. ते ‘जादा वजना’पैकी किती गेले हे मोजतात. उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा शरीरभारांक २५ हा निकष धरला, तर बाईंचे योग्य वजन सुमारे ६२ किलो आणि जादा वजन ५० किलो. त्यातले २६ गेले, म्हणजे ५२ टक्के. जादा वजनापैकी निम्म्याहून अधिक गेले तर शस्त्रक्रिया यशस्वी, असा एक प्रचलित दंडक आहे. बाई उत्तीर्ण.

मात्र भारतीयांसाठी शरीरभारांकाची मर्यादा २३ धरावी, असेही तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, हे त्याचे कारण. तो निकष लावला तर योग्य वजन सुमारे ५७ किलो, जादा वजन ५५, आणि २६ ची टक्केवारी होते साधारण ४७. बाई अनुत्तीर्ण! शरीर तेच, काटा तोच, घटलेले किलोही तेवढेच. बदलला तो केवळ छेद. नववीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्यावे. ‘किती टक्के’ या प्रश्नाआधी ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न विचारायचा असतो, हे शेकडेवारीच्या धड्यापेक्षा इथे अधिक लवकर पटते. आणि जाहिरातीत २३ ऐवजी ५२ का छापतात, हेही.

आणखी एक गोष्ट बाईंना कोणी नीट सांगितली नव्हती. वजनाच्या तळाशी, म्हणजे ८० किलोवर असतानाही, त्यांचा शरीरभारांक ३२ होता. वैद्यकीय कोष्टकात त्या तेव्हाही ‘स्थूल’च होत्या. उत्तम पार पडलेली शस्त्रक्रियाही ११२ किलोच्या माणसाला सहसा ५७ किलोचा करीत नाही. चित्रातली उजवी बाजू ही सरासरी नसते, निवडलेली असते. गुणवंत विद्यार्थ्यांचेच फोटो लावणाऱ्या शिकवणी वर्गांच्या फलकांची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे अधिक समजावून सांगायला नको.

अशा आकड्यांचा सर्वांत मोठा तमाशा आपण २०१७ साली पाहिला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद या महिलेला ११ फेब्रुवारी रोजी मालवाहू विमानाने मुंबईला आणले. वजन सुमारे ५०० किलो सांगितले गेले. सैफी रुग्णालयात मार्चमध्ये जठराची शस्त्रक्रिया झाली. एप्रिलअखेर वजन सुमारे १७० किलोवर आल्याचे रुग्णालयाने सांगितले. त्यानंतर बहिणीने या आकड्यांवरच शंका घेतली, रुग्णालयाने ती फेटाळली, मे महिन्यात इमानला अबू धाबीला हलवले गेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे तिचा मृत्यू झाला. हृदय आणि मूत्रपिंड यांचे विकार तिला होते, पक्षाघात पूर्वीच होऊन गेला होता.

त्या वादात कोण बरोबर होते, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. वृत्तपत्रे वाचणारे आपण काय करीत होतो, एवढेच विचारायचे आहे. ३३० किलो आणि ७५ दिवस, म्हणजे रोजचे सुमारे ४.४ किलो. शरीरातील एक किलो मेद जळाला तर साधारण ७७०० उष्मांक मिळतात. ४.४ किलो मेद रोज जळायचा तर रोज ३४ हजार उष्मांक खर्च व्हायला हवेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे शरीर, ते कितीही मोठे असो, याच्या जवळपासही ऊर्जा खर्च करू शकत नाही. तेव्हा सांगितलेले आकडे खरे मानले, तरी घटलेल्या वजनात मेदाचा वाटा लहान आणि पाण्याचा फार मोठा असणार. तिच्या शरीरात बरेच पाणी साठले होते, हे डॉक्टरांनीही सांगितले होते. पण मथळ्यात किलो आले, पाणी बातमीच्या पोटात राहिले. जठराची शस्त्रक्रिया काय करते, याच्याशी त्या ३३० किलोंपैकी बहुतेकांचा संबंध नव्हता. वाचकाच्या मनात मात्र समीकरण पक्के झाले, की शस्त्रक्रिया म्हणजे दोन-अडीच महिन्यांत शेकडो किलो. हा गुणाकार-भागाकार त्या दिवसांत एखाद्या वार्ताहराने छापल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी या उपचाराचे नाव घरोघर पोचवले होतेच. इमानच्या बातम्यांनी त्याला चमत्काराची झालर लावली.

चमत्कार नाही, तर मग आहे काय? ‘बॅरिॲट्रिक’ या शब्दातला ‘बॅरो’ हा बॅरोमीटरमधलाच, ग्रीक भाषेत भार. बाईंवर झाली त्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढतात. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी, म्हणजे चहाचा एक कप. पण केवळ पिशवी लहान झाली म्हणून वजन घटते, असे नाही. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असते. ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडले. त्याचे प्रमाण उतरले की भूक मंदावते. अन्न लहान आतड्यात लवकर पोचू लागते, तिथली तृप्तीची संप्रेरके वाढतात, इन्सुलिनचे काम सुधारते. दुसऱ्या पद्धतीत जठराची छोटी कुपी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. तिथे हे परिणाम अधिक जोरकस असतात.

शरीर मात्र या बदलाला गप्प बसून मान देत नाही. हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते, हे सरळ आहे. पण खर्च त्याहूनही थोडा खाली जातो. वर्ष-दीड वर्षाने भूक काही अंशी परतते, नळी किंचित सैलावते. चढलेले सहा किलो हे जिभेचे पाप नव्हे, बहुतेकांच्या आलेखात ते असतातच. पुन्हा वीस-पंचवीस किलो चढले, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवे. मधुमेहाचेही तसेच. स्वीडनच्या त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त अवस्थेत होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. ‘मधुमेह कायमचा बरा’ असे छापणाऱ्याने यातला कोणता आकडा वाचला, ते सांगायला नको.

खाण्याच्या पत्रकांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पहिले एक-दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचे घन अन्न, हा क्रम बरोबर आहे. दररोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, घास बारीक चावून, जेवताना पाणी नाही, हेही बरोबर. पण बाईंना मिळालेले पत्रक परभणीत राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेलेच नव्हते. त्यात ब्रोकोली होती, ज्वारी नव्हती. एका भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागते, त्यातून पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० ग्रॅमसाठी दहा भाकरी हव्यात, आणि चहाच्या कपात पाव-अर्धी भाकरीच मावते. म्हणून आधी घट्ट वरण, अंडे, दही, पनीर, सोयाबीन, मग उरलेल्या जागेत वरणात कुस्करलेली भाकरी, असा ताटाचा क्रमच उलटावा लागतो. भाकरी म्हणजेच जेवण असे मानणाऱ्या घरात हे सांगणे सोपे नसते. आपल्याच कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. तो चांगलाच आहे. पण आतडे वळवलेल्या रुग्णात लोह शोषणारा सुरुवातीचा भागच वाटेतून वगळला जातो, तिथे वाण बदलून भागत नाही. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावे लागते, तेही आयुष्यभर आणि रक्त तपासून. जाहिरातीत ‘आयुष्यभर’ हा शब्द मला एकदाही आढळला नाही.

पाण्याचे तर विचारूच नका. जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही आणि तरी दिवसात दोन लिटर हवे, तेही घोट-घोट. पारा ४३ अंशांवर असताना, तासिकेमागून तासिका घेणाऱ्या माणसाने हे कसे जमवावे? बाई टेबलावर बाटली ठेवून फळ्यावर दोन ओळी, मग एक घोट असे शिकवतात. मधल्या सुट्टीत घंटेच्या आत डबा संपवणे त्यांना जमत नाही, घाई केली की उलटी होते. आणि भरपूर साखरेचा चहा मात्र त्या नळीतून विनासायास खाली उतरतो! दूध-साखरेचा एक कप सुमारे ७० उष्मांकांचा धरला, तर घरोघरच्या आग्रहाचे सहा कप ४२० उष्मांक देतात, पोट भरल्याची जाणीवही न देता.

आता चित्रजोडीची जागा इंजेक्शनांनी घ्यायला सुरुवात केली आहे. २०२५ पासून वजन घटवणारी नवी औषधे आपल्याकडच्या दुकानांत आली. परिणामकारक आहेत. पण सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. तिथेही ‘नंतर’च्या पुढे एक ‘त्यानंतर’ आहे.

बाईंना हा सगळा हिशेब वहीत मांडून दाखवला, तेव्हा त्यांनी सहा वर्षांपूर्वीच्या वजनापासून सगळ्या नोंदी मागवल्या आणि आलेखाचा कागद घेतला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर किलो. शस्त्रक्रियेपूर्वीची दोन वर्षेही त्यांनी आवर्जून काढली. तिथे रेघ वर्षाला तीन किलोंनी चढत होती. ती रेघ त्यांनी पट्टी लावून तुटक रेषेने आजच्या तारखेपर्यंत पुढे नेली. ती १२४ वर पोचली. खालची खरी रेघ ८६ वर होती. दोहोंमधल्या जागेत त्यांनी पेन्सिलीने ३८ लिहिले, आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.