गाठींमागील नावे

आर्मेनियन गालिच्यांविषयी लिहिणारे बहुधा रंगांची व गाठींची स्तुती करून थांबतात. आम्हांस ते अपुरे वाटते. रंग थोर आहेतच. आरारातच्या मैदानातील किड्यापासून निघणारा तांबडा तर आपल्या ‘किरमिजी’ शब्दाचा सगोत्र, कारण दोहोंच्या नावामागे कृमीच आहे. परंतु गालिचा कोणी, कोणत्या अवस्थेत विणला हे बाजूस ठेवून त्याचे मोल ठरत नाही.

लेबनॉनमधील घझीरच्या अनाथालयाचा गालिचा पाहा. (आम्ही छायाचित्रांवरूनच बोलतो.) १९१५ पासूनच्या संहारात पोरक्या झालेल्या सुमारे ४०० मुली त्यावर १८ महिने खपल्या, गाठी ४४,०४,२०६. त्यांना जगविले ‘निअर ईस्ट रिलीफ’ ह्या अमेरिकन संस्थेने, म्हणून १९२५ च्या डिसेंबरात तो अध्यक्ष कूलिज यांना कृतज्ञतेची भेट म्हणून देण्यात आला. नक्षी एदेन बागेची: झाडे, पशुपक्षी, सारे निर्वेध. जिचे घर उद्ध्वस्त झाले तिने नंदनवन विणावे, ह्यात भाविक मनाला प्रार्थना दिसेल. आम्हांला मात्र ही बाग जरा जास्तच नीटनेटकी वाटते. विणणारीच्या दुःखापेक्षा स्वीकारणाऱ्याच्या दिवाणखान्याकडे पाहून ती आखली असावी. पाठीवरच्या पट्टीवर नाव आहे तेही कूलिज यांचे, मुलींचे नाही.

तरीही ह्या मुक्या बागेचे भय सत्तेला वाटले. १९८२ पासून गालिचा व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे. २०१३ मध्ये तो प्रदर्शनासाठी देण्यास नकार मिळाला. २०१४ च्या नोव्हेंबरात काही दिवस लोकांना दिसला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या संहारास स्पष्टपणे ‘वंशसंहार’ म्हटले. तोवर त्या गाठी जणू साक्षीदारासारख्या कोठडीत होत्या.

कला म्हणून आमचे मन मात्र गोहर नावाच्या विणकरणीकडे वळते. तिने आर्मेनियन सन ११४९, म्हणजे १७०० साली, गालिच्यातच अक्षरे विणली: आपण पापी व दुबळ्या आहोत, हात नुकतेच शिकले आहेत, वाचणाऱ्याने आपल्यासाठी दयेचा एक शब्द उच्चारावा. आपल्या दफनभूमीतील क्रुसांवरही अशीच विनंती असते. फरक इतकाच, की ती मृताच्या वतीने इतरांनी लिहिलेली असते. गोहरने मात्र आपली विनंती जिवंतपणी, स्वतःच्या बोटांनी, गाठीगाठीने मांडली.